शेवटच्या खोलीतलं वायफाय: एका घराचा प्रकरण अभ्यास

तक्रार एका ओळीची होती: शेवटच्या खोलीत रेंज येत नाही. घरातल्या काकू त्या खोलीतून ऑनलाइन शिकवण्या घेतात. वर्ग सुरू असताना त्यांचा आवाज तुटायचा, चित्र गोठायचं आणि मुलं लिहायची, ‘मॅडम, ऐकू येत नाही.’ हॉलमध्ये मात्र त्याच वेळी टीव्हीवर सिनेमा बहुतेक वेळ सुरळीत चालू. काकांचं म्हणणं, ‘राउटर जुनाट झालाय, मोठ्या अँटेनाचा घेऊ.’ काकूंनी तोवर एक एक्स्टेंडर, म्हणजे राउटरचा सिग्नल पुढे पोचवणारं छोटं यंत्र, आणून खोलीत लावूनही पाहिला होता. ‘रेघा सगळ्या दिसतात, पण काही चालत नाही,’ असं त्या सांगत होत्या. पुढचं सगळं निदान या एका वाक्यात होतं, पण तिकडे नंतर येऊ.

घर एका मजल्यावरचं, लांबट. पुढे हॉल, मग पॅसेज, पॅसेजच्या एका अंगाला स्वयंपाकघर, दुसऱ्या अंगाला बाथरूम, आणि पॅसेज संपतो तिथे वळण घेऊन ही खोली. फायबरची तार हॉलच्या कोपऱ्यातून आत येते. तिची डबी भिंतीवर आणि राउटर टीव्हीच्या कॅबिनेटच्या खालच्या कप्प्यात, दार लावून. प्लॅन २०० एमबीपीएसचा.

आधी दोष कुठे आहे ते

‘नेट स्लो आहे’ या तक्रारीत दोन वेगळी दुखणी लपलेली असतात. एक बाहेरून घरात येणाऱ्या जोडणीचं, दुसरं राउटरपासून आपल्या यंत्रापर्यंतच्या हवेतल्या जोडणीचं. ती वेगळी काढायला फार काही लागत नाही. लॅपटॉप केबलने थेट राउटरला लावला तर वेग प्लॅनइतका, म्हणजे १९० च्या आसपास येत होता. म्हणजे बाहेरची बाजू निर्दोष. मग खोलीतल्या टेबलावरून राउटरच्याच पत्त्याला पिंग लावलं, म्हणजे छोटा निरोप पाठवून उत्तर यायला किती वेळ लागतो ते मोजलं. हॉलमध्ये उत्तर दोन-चार मिलिसेकंदांत यायचं, खोलीत कधी दहा, कधी तीनशे, मधेच काहीच नाही. राउटर घरातच असताना त्याच्यापर्यंतचा निरोप असा अडखळत असेल, तर सेवा देणाऱ्या कंपनीला फोन करून काही होणार नाही.

वेगाच्या चाचणीपेक्षा या पिंगवर माझा जास्त भरवसा आहे. व्हिडिओ कॉलला वेग फारसा लागतच नाही, दोन-तीन एमबीपीएसमध्ये काम भागतं. त्याला लागते नियमितता. आवाजाची पाकिटं, म्हणजे डेटाचे छोटे तुकडे, ठरलेल्या लयीत पोचली नाहीत तर १०० एमबीपीएसही कामाला येत नाही.

मग सिग्नल मोजला. फोनवर वायफाय अॅनालायझर प्रकारचं अॅप टाकलं की डीबीएममध्ये, म्हणजे सिग्नलच्या शक्तीच्या एककात, आकडा दिसतो. आकडा उणे असतो आणि शून्याच्या जितका जवळ तितका चांगला. रेघांवर विसंबू नये, कारण चार रेघा कधी दाखवायच्या हे प्रत्येक फोन आपल्या मनाने ठरवतो. डीबीएमचं माप लॉगॅरिथमिक आहे, म्हणजे ३ ने घसरलं की शक्ती निम्मी, १० ने घसरलं की एक दशांश. व्हिडिओ कॉलसाठी उणे ६७ किंवा त्याहून चांगलं असावं असा सर्वसाधारण संकेत आहे. उणे ८० च्या पलीकडे जोडणी फक्त नावाला उरते.

इथे हॉलमध्ये उणे ३८, पॅसेजच्या टोकाला उणे ५८, आणि वळून खोलीतल्या टेबलाशी उणे ७९. राउटर २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशा दोन पट्ट्यांवर बोलतो, हे सगळे २.४ गिगाहर्ट्झवरचे आकडे. ५ गिगाहर्ट्झचं नेटवर्क खोलीत कधी यादीत दिसायचं, कधी गायब व्हायचं.

पॅसेजचं टोक ते टेबल हे अंतर चार-पाच पावलांचं, आणि तेवढ्यात २१ डीबी गेले. म्हणजे शंभरातला एक भागही उरला नाही. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की साधारण ६ डीबी जातात. त्यामुळे हा सगळा तोटा अंतराने झालेला असणं शक्य नव्हतं. मधे काहीतरी उभं होतं.

मधे काय होतं

राउटरपासून टेबलापर्यंत नकाशावर सरळ रेघ ओढली तर ती कॅबिनेटच्या दारातून आणि टीव्हीच्या मागून निघून बाथरूमच्या दोन्ही भिंती तिरप्या छेदत खोलीत शिरते. बाथरूम ही वायफायच्या वाटेतली घरातली सर्वांत वाईट खोली. भिंतीत पाण्याचे पाइप, वर टाइल्स, एका भिंतीवर मोठा आरसा. आरशाच्या पाठीला धातूचा लेप असतो आणि तो लहरी सरळ परतवतो. शिवाय खोलीच्या त्या कोपऱ्यात आरसीसी कॉलम, म्हणजे आत सळ्यांची जाळी. २.४ गिगाहर्ट्झची लहर साधारण साडेबारा सेंटिमीटर लांबीची, ५ ची सहा सेंटिमीटर. काँक्रीट, विटा आणि पाणी यांतून जाताना ५ गिगाहर्ट्झ जास्त शोषलं जातं, म्हणून ते आधी मरतं. तिरपी रेघ हाही मुद्दा आहेच, कारण भिंत तिरपी छेदली की लहरीला तीच भिंत जास्त जाड पडते.

काकांना मोठा अँटेना हवा होता तो जास्त ताकदीसाठी. राउटरची ताकद वाढवली तर त्याचा आवाज खोलीत पोचेल, पण संभाषण दोन्ही बाजूंनी होतं. फोनची आणि लॅपटॉपची प्रक्षेपणशक्ती तेवढीच राहते, त्यांचं उत्तर राउटरपर्यंत पोचायला हवं. राउटर ओरडतोय आणि फोनची कुजबुज त्याला ऐकू येत नाही, अशी एकतर्फी जोडणी मग होते. रेघा वाढतात, काम वाढत नाही. शिवाय अनेक राउटर कारखान्यातूनच परवानगीच्या मर्यादेजवळ चालवलेले असतात.

या प्रकरणात आणखी एक गोष्ट सापडली. काकूंच्या लॅपटॉपला यूएसबी ३ ची बाहेरची हार्ड डिस्क कायम लावलेली असायची. यूएसबी ३ च्या केबलमधून आणि जोडाच्या जागेतून २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात गोंगाट बाहेर पडतो. इंटेलने २०१२ साली यावर स्वतंत्र टिपण प्रसिद्ध केलं होतं. डिस्क काढली की पिंग थोडं सुधारायचं. सिग्नल दणकट असता तर हा गोंगाट जाणवलाही नसता, उणे ७९ वर मात्र तोही पुरेसा होतो.

फुकटातले उपाय

राउटर कॅबिनेटमधून काढून, फायबरच्या डबीपासून लांब लॅन केबल ओढून, हॉलच्या पॅसेजकडच्या भिंतीवर उंच लावला. अँटेना उभे केले. दांडीसारख्या अँटेनाचा सिग्नल त्याच्या भोवती आडवा पसरतो, टोकाच्या दिशेने जवळजवळ जातच नाही. त्यामुळे अँटेना खोलीकडे रोखून ठेवण्याची सर्रास दिसणारी पद्धत नेमकी उलटी पडते. एकाच मजल्यावरच्या घरात उभे अँटेनाच बरे.

टेबलाशी आकडा उणे ७९ वरून उणे ७३ वर आला. ६ डीबी म्हणजे चौपट शक्ती, आणि एक पैसा न खर्चता. २.४ चा चॅनेल, म्हणजे त्या पट्ट्यातला राउटर वापरतो तो अरुंद भाग, हाही बदलला. या पट्ट्यात २० मेगाहर्ट्झ रुंदी धरली तर एकमेकांवर न चढणारे चॅनेल १, ६ आणि ११ एवढेच. आजूबाजूची बहुतेक नेटवर्कं ६ वर होती, राउटर ‘ऑटो’वर राहून तिथेच जाऊन बसला होता. तो १ वर नेला आणि रुंदी ४० वरून २० केली. रुंद चॅनेल कागदावर वेगवान असतो, पण गर्दीत शेजाऱ्यांचा गोंगाटही तेवढाच जास्त गोळा करतो.

कॉल तुटणं कमी झालं, थांबलं नाही. उणे ७३ अजून उणे ६७ पासून दूर होतं. नुसतं फोनवर बातम्या वाचण्यापुरतं वायफाय हवं असतं तर प्रकरण इथेच मिटलं असतं, आणि अनेक घरांत ते इथेच मिटायला हरकत नाही.

एक्स्टेंडर चुकीच्या खोलीत

आता काकूंचं ते वाक्य. एक्स्टेंडर त्यांनी टेबलाजवळच्या सॉकेटमध्ये लावला होता. रेंज जिथे नाही तिथे रेंजचं यंत्र लावावं, हे कुणालाही पटेल. पण एक्स्टेंडर स्वतः रेंज तयार करत नाही. तो राउटरचं जे ऐकतो तेच पुढे बोलतो. उणे ७९ वर त्याला जे तुटक-तुटक ऐकू येत होतं, तेच तो खणखणीत आवाजात पुन्हा सांगत होता. फोनवरच्या रेघा फोन ते एक्स्टेंडर या दोन फुटांच्या जोडणीच्या. एक्स्टेंडर ते राउटर या खऱ्या आजारी जोडणीचा हाल त्यांत कुठेच दिसत नाही.

तोच एक्स्टेंडर पॅसेजच्या टोकाला, उणे ५८ च्या जागी आणला. तिथून खोलीचं दार समोर दिसतं, बाथरूम वाटेत येत नाही. टेबलाशी आकडा उणे ६२ झाला, वेग तीन-चार एमबीपीएसवरून २० च्या वर गेला. एक्स्टेंडरची जागा राउटर आणि अंधाऱ्या खोलीच्या मधे, राउटरचा सिग्नल अजून चांगला आहे अशा ठिकाणी. एवढं पाळलं तर स्वस्तातला एक्स्टेंडरही ठीक काम देतो.

तरी पुढे जावं लागलं, कारण हा एक्स्टेंडर एकाच पट्ट्याचा, फक्त २.४ चा. एकाच रेडिओवर, म्हणजे लहरी घेणाऱ्या-देणाऱ्या आतल्या भागावर, आधी राउटरकडून घ्यायचं, मग तेच त्याच चॅनेलवर पुढे द्यायचं, म्हणून हवेतला वेळ दुप्पट खर्च होतो आणि वेग निम्म्यावर येतो. दोन पट्ट्यांच्या एक्स्टेंडरमध्ये एक पट्टा राउटरकडे आणि दुसरा खोलीकडे असं वाटून घेता येतं, तिथे हा तोटा कमी.

त्यापेक्षा महत्त्वाचं म्हणजे हॉलमधली तक्रार. काकूंचा वर्ग आणि टीव्ही एकाच वेळी चालू असले की टीव्हीही अधूनमधून थबकायचा, असं काका सांगत होते आणि कुणी त्याचा संबंध खोलीशी जोडत नव्हतं. एका चॅनेलवर एका वेळी एकच यंत्र बोलू शकतं. सिग्नल कमजोर असलेलं यंत्र नाइलाजाने मंद वेगात बोलतं. वायफाय ४ या जुन्या पिढीच्या एका प्रवाहात २० मेगाहर्ट्झवर सर्वांत खालचा वेग ६.५ एमबीपीएस, आणि चांगल्या सिग्नलवर ६५. म्हणजे तेवढाच मजकूर पाठवायला खोलीतला लॅपटॉप दहापट वेळ हवा अडवून ठेवतो, आणि तोवर बाकीचे ताटकळतात. एकेरी पुलावर बैलगाडी चढली की मागच्या मोटारींचा वेग विचारात घेण्यात अर्थ नसतो. एका खोलीचं दुखणं सगळं घर भोगतं ते असं. म्हणून हॉलमध्ये वेग ‘अधूनमधून’ पडत असेल तर लांबच्या खोलीत त्या क्षणी कोण काय करतंय ते आधी पाहावं.

तार न्यायची कशी

इथवर आल्यावर प्रश्न बदलला. खोलीत कोणतं यंत्र ठेवायचं हे गौण, त्या यंत्रापर्यंत डेटा कोणत्या वाटेने पोचवायचा हे मुख्य. मेशचा, म्हणजे मिळून एकच नेटवर्क चालवणाऱ्या डब्यांचा, संच घ्यावा असा सल्ला काकांना कुणीतरी दिला होता. मेश वाईट नाही. एकच नाव, एकच अॅप, यंत्रं आपापसात वाट ठरवतात. पण मेशचे दोन डबेही हवेतूनच बोलणार असतील तर त्यांच्यामधली भिंत तीच राहते. तीन रेडिओंच्या संचात एक रेडिओ फक्त डब्यांच्या आपसातल्या बोलण्यासाठी राखता येतो, त्याने फरक पडतो, तरी बाथरूम जागचं हलत नाही. आणि मेशच्या डब्यांना केबल जोडता येत असेल तर मग एवढा नवा संच कशाला, घरात आणखी एक जुना राउटर पडलेलाच होता, तोच खोलीत केबलच्या टोकाला लावता येतो.

विजेच्या तारांतून डेटा नेणारे पॉवरलाइन अडॅप्टर हा दुसरा पर्याय. भिंत फोडायची नसेल आणि दोन्ही सॉकेट एकाच फेजवर असतील तर करून पाहण्यासारखा. ते थेट भिंतीतल्या सॉकेटमध्ये लावावे लागतात, सर्ज प्रोटेक्टर असलेल्या एक्स्टेन्शन बोर्डात त्यांचा सिग्नल गाळला जातो. या घरात हॉल आणि खोली वेगवेगळ्या फेजवर निघाले. पर्याय तिथेच बाद.

राहिली लॅन केबल. राउटरची नवी जागा पॅसेजकडच्या भिंतीवर असल्यामुळे वाट सोपी होती: पॅसेजच्या कडेने केसिंग-पट्टीतून, दाराच्या चौकटीवरून खोलीत. अंतर वीस मीटरच्या आत. तांब्याच्या केबलची मर्यादा १०० मीटर, त्यामुळे तिथे चिंता नव्हती. कॅट-६ श्रेणीची घेतली. कॅट-५ई सुद्धा १ जीबीपीएसला पुरली असती. खरी पारख श्रेणीपेक्षा धातूची करावी. स्वस्त केबलमध्ये अॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा असतो, ती वाकवली की आतून तुटते. विजेच्या तारांना ही केबल समांतर चिकटवून नेली नाही, जिथे ओलांडावं लागलं तिथे काटकोनात ओलांडलं.

केबल लागली, वेग मोजला, आकडा ९४. सगळे खूश. मला तो आकडा खटकला. प्लॅन २०० चा, दोन्ही राउटरचे पोर्ट गिगाबिटचे, आणि वेग काही केल्या ९४ च्या वर जात नाही. १०० एमबीपीएसच्या इथरनेट जोडणीवर हेडरचा, म्हणजे डेटासोबत जाणाऱ्या पत्ता वगैरे माहितीचा, खर्च वजा जाता नेमका एवढाच वेग हाती लागतो. राउटरच्या पानावर पोर्टचा वेग पाहिला तर १००च लिहिलेला. गिगाबिटला केबलमधल्या चारही जोड्या लागतात, १०० ला दोनच पुरतात: पिना १, २, ३ आणि ६, म्हणजे केशरी आणि हिरवी जोडी. निळी किंवा तपकिरी जोडी कुठे सुटली की जोडणी तुटत नाही, निमूटपणे १०० वर उतरते. खोलीकडच्या जॅकमध्ये तपकिरी तार टोकापर्यंत पोचलीच नव्हती. जॅक कापून पुन्हा क्रिंप केला: पांढरा-केशरी, केशरी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. दोन्ही टोकांना हाच क्रम. पोर्ट १००० वर आला. प्लॅन १०० चा असता तर ही चूक कदाचित कधीच कळली नसती.

जुन्या राउटरला अॅक्सेस पॉइंट करताना

अॅक्सेस पॉइंट म्हणजे केबलने आलेलं नेटवर्क फक्त हवेत सोडणारं यंत्र. सर्वांत जास्त गोंधळ लोक इथे घालतात, म्हणून जरा सविस्तर. जुना राउटर रिसेट करून, मुख्य नेटवर्कला न जोडता, आधी एकट्या लॅपटॉपला लावला. सेटिंगमध्ये ‘अॅक्सेस पॉइंट मोड’ असेल तर तो निवडला की पुढचं बरंचसं आपोआप होतं. या राउटरमध्ये नव्हता, मग हाताने.

मुख्य राउटरचा पत्ता १९२.१६८.१.१ होता आणि तो यंत्रांना १०० ते १९९ क्रमांकांचे पत्ते वाटत होता. जुन्याला त्या वाटपाबाहेरचा १९२.१६८.१.२ हा कायमचा पत्ता दिला. मग त्याचा डीएचसीपी, म्हणजे यंत्रांना पत्ते वाटण्याचं काम, बंद केला. ही पायरी राहिली तर एका घरात पत्ते वाटणारे दोघे होतात, आणि ‘वायफाय जोडलंय पण इंटरनेट नाही’ हा प्रकार कधी या फोनवर, कधी त्या लॅपटॉपवर, काही तर्क न लागता सुरू होतो. केबल जुन्याच्या वॅन पोर्टात, म्हणजे बाहेरून येणारं इंटरनेट जोडायच्या जागी, घातली नाही, लॅन पोर्टात घातली. वॅनमध्ये घातली की घरात घर तयार होतं: खोलीतल्या लॅपटॉपला इंटरनेट मिळतं, पण हॉलमधला प्रिंटर आणि टीव्ही दिसत नाहीत.

दोन्हीकडे वायफायचं नाव, पासवर्ड आणि सुरक्षेचा प्रकार अगदी एकच ठेवला, चॅनेल वेगळे. हॉल १ वर, खोली ११ वर, ५ गिगाहर्ट्झवरही दोघांत अंतर ठेवलं. चाचणीत टेबलाशी ५ गिगाहर्ट्झवर उणे ४५, वेग १८० ते १९०, राउटरचं पिंग तीन मिलिसेकंदांच्या आसपास स्थिर. हॉलमधला टीव्हीही थबकायचा थांबला.

उरलेली कटकट वेगळीच. काकू हॉलमधून फोन घेऊन खोलीत आल्या की फोन हॉलच्याच मरतुकड्या सिग्नलला चिकटून बसायचा, शेजारी उणे ४५ असताना. कोणत्या अॅक्सेस पॉइंटवर राहायचं हे शेवटी फोन ठरवतो, राउटर नाही. नव्या संचांमध्ये ८०२.११ के आणि व्ही या सोयी असतात, त्यांतून राउटर फोनला ‘तिकडे जा’ असं सुचवू शकतो, ८०२.११ आर मुळे ते स्थलांतर झटपट होतं. जुन्या राउटरमध्ये यातलं काही नव्हतं. तेव्हा दोन्हीकडे २.४ ची शक्ती ‘हाय’वरून ‘मीडियम’वर आणली. रेंज वाढवण्याच्या कामात ताकद कमी करायची हे काकांना अजिबात पटलं नाही. पण दोन यंत्रांचे सिग्नल एकमेकांवर फार चढले की फोनला सोडायचं कारणच उरत नाही. शक्ती उतरवल्यावर फोन पॅसेजच्या टोकाशीच जोडणी बदलू लागला. एका जुन्या फोनचं मात्र काही केलं तरी बदलत नाही, त्याला वायफाय बंद-चालू करावं लागतं.

बाथरूममध्ये अजूनही रेंज यथातथाच आहे, आणि ती सुधारायची गरज कुणी बोलून दाखवलेली नाही. एक्स्टेंडर काढून टाकला, कारण तो चालू राहिला असता तर ११ आणि १ च्या जोडीला तिसरा बडबड्या झाला असता. जुन्या राउटरचं प्रशासकाचं पासवर्ड बदललं, डब्ल्यूपीएस, म्हणजे पासवर्ड न टाकता बटणाने जोडून घेण्याची सोय, बंद केलं. त्याच्या कंपनीने त्या मॉडेलचे सॉफ्टवेअर अपडेट देणं थांबवलेलं आहे. तो थेट इंटरनेटला तोंड देत नाही, मुख्य राउटरच्या आड आहे, म्हणून सध्या चालेल. बदलायची वेळ येईल तेव्हा त्याच केबलच्या टोकाला साधा अॅक्सेस पॉइंट लावायचा. तो केबलमधूनच वीज घेणारा निवडला आणि दुसऱ्या टोकाला तशी वीज देणारा इंजेक्टर लावला, तर टेबलाजवळचं सॉकेटही मोकळं होईल.